बर निघाला का? घरच्या चाकूंना धार लावायला शिकले, त्याची गोष्ट

खंडेनवमीला आमच्याकडे शेतातली सगळी अवजारं धुऊन अंगणात मांडतात. १ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खुरपी, विळे, कोयता, छाटणीची कात्री, आणि पाटाच्या एका कोपऱ्यात आण्णांचा कलमाचा चाकू. मिटला की तळहातात मावेल एवढा, लाकडी मुठीचा. सप्टेंबरभर मराठवाड्यात पावसानं जो धिंगाणा घातला, त्यात शेतातल्या कोठ्यात पाणी शिरलं आणि हा चाकू कितीतरी दिवस ओल्या पोत्याखाली पडून राहिला. पातं तांबेरलेलं, धार तर आधीच गेलेली. आण्णांनी हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "पूजेपुरताच राहिला आता हा."

त्या वाक्यामुळे पुढचे तीन महिने मी संध्याकाळी दगड घासत बसले.

मी जालन्यात बँकेत नोकरी करते. बदनापूरकडे आमची मोसंबीची बाग आहे. मेलेल्या झाडांच्या जागी लावायला आण्णा घरीच थोडी रोपं करतात: जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, मोसंबीचा डोळा भरायचा; फांदीवरचा कोंब सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवायचा. त्याला हा चाकू लागतो. बोथट चाकूनं खुंटाची साल कापली जात नाही, फाटते. सालीखालचा ओला थर चेंगरतो आणि डोळा सुकून जातो.

धारवाल्याकडे का नाही दिला, असं कुणीही विचारेल. दिला होता. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एकानं विजेच्या चाकावर दोन मिनिटांत धार लावून दिली, वीस रुपये. ठिणग्या मस्त उडाल्या. घरी येऊन पाहिलं तर टोकाकडचा अर्धा इंच निळा पडलेला. पोलाद तापून निळं झालं म्हणजे ते साधारण ३०० अंशांच्या आसपास गेलं, आणि तिथला कडकपणा उतरला. त्या भागाची धार त्यानंतर कधी टिकलीच नाही. ज्या जालन्यातून ट्रक भरभरून सळया बाहेर जातात, तिथं एक बोटभर पातं नीट घासून देणारा माणूस मला सापडला नाही, याची गंमत वाटते आणि रागही येतो.

३ ऑक्टोबरला घरी धार लावायचं किट मागवलं. यात मुळात चार भाग असतात: चाकूचं पातं धरणारी पकड, एक उभा खांब, त्यावर वरखाली सरकणारा सांधा, आणि सांध्यातून आरपार जाणारी दांडी, जिच्यावर दगड बसवायचा. चाकू हलत नाही, दगड हलतो, आणि दांडी सांध्यात अडकल्यामुळे दगड दर वेळी त्याच कोनात पात्यावर येतो. लॅन्स्कीसारख्या जुन्या किटमध्ये सरकत्या सांध्याऐवजी १७, २०, २५ आणि ३० अंशांची ठरलेली भोकं असतात. माझं किट बिननावाचं, १,७४९ रुपयांचं. सोबत चार दगड: १२०, ३२०, ६०० आणि १५०० नंबरचे. पॉलिश पेपरसारखंच, नंबर जितका मोठा तितका दगड बारीक.

पार्सल ७ तारखेला येणार होतं. तीन दिवस रोज संध्याकाळी "ग्राहक उपलब्ध नाही" असा मेसेज यायचा, मी मात्र घरातच. १० तारखेला आलं आणि १५०० नंबरचा दगड मधोमध मोडलेला. नशीब, उघडताना नवऱ्यानं मोबाइलवर शूटिंग केलं होतं. तुम्हीही करा, पुढची सगळी भांडणं त्या एका व्हिडिओवर चालली. विक्रेत्यानं आधी "दगड ही झिजणारी वस्तू आहे, बदलून मिळत नाही" असं कळवलं. मी परत लिहिलं, की झिजणारी आहे, मोडणारी नाही. मग ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं, की ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्याचं नाव आणि ईमेल साइटच्या अगदी तळाला बारीक अक्षरात होतं. १३ ऑक्टोबरला मेल टाकला, सोबत बिल, व्हिडिओ आणि एक ओळ: उत्तर नाही आलं तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करीन. फोन करावा लागला नाही. १५ नोव्हेंबरला ३५० रुपये परत आले. महिना उलटून दोन दिवस जास्तच, पण आले.

दगडांकडे वळते. ११ ऑक्टोबरला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. आण्णांच्या चाकूला एकदम हात लावायचा नाही एवढी अक्कल होती. चाळीस रुपयांची फळं कापायची सुरी घेतली, सांधा २० अंशांच्या खुणेवर सरकवला आणि सुरू झाले. १२० वर दहा मिनिटं, मग ३२०, मग ६००. प्रत्येक बाजू वीस वेळा, मोजून. अडीच तास. टेबलावर पसरलेल्या पेपरावर करडा चिखल साचला, कंबर धरली, पातं आरशासारखं चकाकायला लागलं. मग टोमॅटो कापायला घेतला. सुरीनं टोमॅटो दाबला, बसवला, आणि शेवटी फोडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले आणि रागात जोर लावला. दगड पात्याच्या टोकावरून घसरला, मागे आला, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट मध्ये. जखम फार नव्हती. पण सुरी बाजारातली, वर गंजाचे ठिपके, म्हणून सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. केसपेपर काढून रांगेत सव्वा तास. कंपाउंडरनं विचारलं, "कशानं कापलं?" मी म्हणाले, "धार लावताना." त्यांनी वर पाहिलं. "मग धार लागली म्हणायची."

नव्हती लागली ना, तीच तर अडचण. त्यानंतर मी दगड पात्यावर दोन्हीकडे रेटत नाही. टोक जवळ आलं की हात हलका करते आणि दगड पात्याबाहेर जाऊच देत नाही. पकडीजवळच्या हाताला जाड सुती मोजा घालते.

दहा दिवस किट कपाटावर पडून होतं. भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, ताई आणि दाजी आले. दाजी वाळूजला एमआयडीसीत टूलरूममध्ये वीस वर्षं मशिनवर आहेत. मी त्यांच्यापुढे सुरी ठेवली आणि सगळी कहाणी सांगितली. त्यांनी सुरीच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला (लांबीच्या दिशेनं कधीच नाही, पात्याकडून बाहेर) आणि एकच प्रश्न विचारला, "बर निघाला का?"

मला वाटलं, ते नुसतं "बरं" म्हणाले.

बर म्हणजे लोखंड घासताना कडेला उलटून बसणारी बारीक पापुद्र्यासारखी किनार. लेथवर काम करणारे रोज तो काढतात. चाकूच्या बाबतीत गणित असं, की पात्याच्या दोन उतरणी जिथं भेटतात ती रेघ म्हणजे धार. बोथट चाकूत त्या रेघेच्या जागी एक गोलसर माथा असतो. एका बाजूनं घासत घासत तो माथा संपला, की पोलादाची अगदी बारीक किनार पलीकडच्या बाजूला वळते. ती बोटाला लागली म्हणजे या बाजूनं दगड धारेपर्यंत पोचला. लागली नाही, तर तुम्ही हजार वेळा घासा, नुसती उतरणच चकाकेल. माझी चकाकत होती.

"म्हणजे मोजायचंच नाही?" मी विचारलं.

"काय मोजायचं त्यात? वीस वेळा घासा, दोनशे वेळा घासा. बर आला की थांबा. पुढच्या दगडावर जायची घाई कशाला करायलीस?"

दाजींनी मग दिवाळीचा फराळ बाजूला सारून मार्करची युक्ती दाखवली. पात्याच्या उतरणीवर काळ्या मार्करनं पट्टा ओढायचा आणि दगड दोनदा हलकेच फिरवायचा. शाई कुठून गेली ते पाहायचं. माझ्या सुरीवर शाई वरच्या खांद्यावरून, म्हणजे उतरण जिथं सुरू होते तिथून, गेली होती, धारेजवळ काळीच राहिली होती. म्हणजे अडीच तास मी धारेला हात लावलाच नव्हता. सुरीची मूळ उतरण माझ्या २० अंशांपेक्षा उभी होती, म्हणून दगड फक्त खांदा खात होता.

शिवाय ते २० सुद्धा २० नव्हतेच. खांबावरची खूण एका ठराविक रुंदीच्या पात्यासाठी खरी असते. पातं रुंद असलं की धार पकडीपासून लांब जाते आणि कोन कमी होतो. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप आधी पात्यावर टेकवून शून्य केलं, मग दांडी धारेला काटकोनात ठेवून तिच्यावर टेकवलं: १७ आणि थोडं वर. आता दर वेळी खूण न बघता ॲपनंच मोजते. धार सरळ असेल तिथं कोन तोच राहतो, टोकाकडच्या वळणावर मात्र बदलतो; तिथं शाईचा पट्टा पुन्हा ओढून बघावाच लागतो. आणि दगडांची जाडी सारखी नसते. माझा ३२० चा दगड १२० पेक्षा जाड निघाला, तेवढ्यानंही कोन हलतो. दगड बदलला की सांधा बघायचा, हे मला तिसऱ्या चाकूला कळलं.

२५ तारखेला चौथा शनिवार. तीच सुरी, सांधा वर सरकवून शाई थेट धारेवरून जाईल असा लावला, आणि १२० वर बसले. दहा मिनिटं, काही नाही. वीस मिनिटं, काही नाही. मुठीकडच्या अर्ध्या भागात काहीतरी खरखरलं, टोकाकडे गुळगुळीतच. पस्तीस मिनिटांनी मुठीपासून टोकापर्यंत सलग खरखर. अंगठ्यावर विश्वास नसेल तर कापूस फिरवा. बर असेल तिथं तंतू अडकतात. आणि दिव्याखाली धार वर करून धरली, तर बोथट जागा चमकते. धारदार जागेवर उजेडाला थांबायला जागाच नसते, ती काळी दिसते.

दुसरी बाजू उलटून घासली, बर परत पहिल्या बाजूला आला. यावेळी बारा मिनिटं लागली, कारण माथा आधीच संपलेला होता. पुढचं काम हलकं. ३२० आणि ६०० चं काम फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसणं आणि बर लहान करत नेणं. दर दगडावर जोर कमी, शेवटी दगडाच्या स्वतःच्या वजनावर, एकदा इकडून एकदा तिकडून. १५०० चा मोडका दगड मी टाकला नव्हता. त्याचा मोठा तुकडा दांडीवर कसाबसा बसला.

उरलेला सूक्ष्म बर चामड्यावर जातो. नवऱ्याचा जुना पट्टा लाकडी फळीवर फेव्हिकॉलनं चिकटवला, वर हिरव्या पॉलिशची वडी घासली. हार्डवेअरच्या दुकानात सत्तर रुपयांना मिळाली, "भांडी पॉलिशवाले नेतात ती" असं सांगून. यात क्रोमियम ऑक्साइड असतं. इथं चाकू मागे ओढायचा, धार मागं ठेवून; पुढे ढकलला तर चामडं कापतं. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे ते आठवा. दहा-पंधरा हात पुरतात. जोर दिला तर चामडं दबून वर येतं आणि धार पुन्हा गोल करतं.

टोमॅटो. सुरी नुसती टेकवली आणि ओढली. मी आणखी चार टोमॅटो कापले, मग घरात कोशिंबीरच कोशिंबीर झाली.

पुढचे चाकू भराभर सांगते. माझा स्वतःचा व्हिक्टोरिनॉक्स, मैत्रिणीनं दिलेला, ऑफिसात पेरू-काकडी कापायचा: वीस मिनिटं. त्याचं पोलाद मऊसर असतं, कडकपणा साधारण ५६ रॉकवेल (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप). लवकर बोथट होतो आणि लवकर ताळ्यावर येतो, मला असा स्वभाव आवडतो. पकडीत धरण्याआधी पात्याच्या पाठीला मास्किंग टेप लावा, नाहीतर पकडीचे दात उमटतात. माझ्या चाकूवर उमटलेत. नवऱ्यानं हौसेनं घेतलेला डी-२ पोलादाचा चाकू मात्र दोन संध्याकाळी खाऊन गेला. त्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. त्या क्रोमियमचे कठीण कण साध्या दगडाला दाद देत नाहीत. दाजींनी वाळूजहून ४८० रुपयांची डायमंडची पट्टी आणून दिली, तेव्हा कुठं बर दिसला. असा चाकू असेल तर सुरुवातीलाच डायमंडचं किट घ्या, माझ्यासारखं दोनदा पैसे घालू नका.

नोव्हेंबरच्या शेवटी, ३० तारखेला रविवारी, आण्णांचा चाकू. राखेनं आणि खोबरेल तेलानं गंज आधीच काढला होता. टेप लावला, पकडीत धरला, शाईचा पट्टा ओढला, पहिल्या बाजूचा बर तर पंधरा मिनिटांत आला. साधं कार्बनचं पोलाद, दगडाशी जुनी ओळख असल्यासारखं घासलं जातं. आनंदानं पकड उलटी फिरवली आणि दुसऱ्या बाजूलाही शाई लावली.

आण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. "काय करायलीस?"

"दुसरी बाजू."

"ह्याला दुसरी बाजू नसती."

मी दगड वरच धरून बसले. त्यांनी चाकू पकडीतून सोडवला, माझ्या डोळ्यांपुढे आडवा धरला. एका बाजूला उतरण, दुसरी बाजू सपाट, मुठीपासून टोकापर्यंत. साठ दिवस मी त्या चाकूवर डोळा ठेवून होते आणि हे पाहिलं नव्हतं. सपाट बाजू फांदीला टेकते, म्हणून डोळा काढताना काप सरळ जातो, आत घुसत नाही. तिथं मी दुसरी उतरण पाडली असती, तर चाकू साधी सुरी झाला असता, आणि ती सपाटी परत आणायला पुष्कळ पोलाद घालवावं लागलं असतं.

मग एकाच बाजूनं ३२०, ६००, १५०० चा तुकडा. सपाट बाजूला दांडीचं काम नाही. दगड टेबलावर ठेवला, पातं त्यावर संपूर्ण निजवलं आणि दोन-तीनदा हलकेच ओढलं, फक्त वळलेला बर जाईल इतपत. हे आण्णांनी करून दाखवलं. ते आयुष्यभर विहिरीच्या थारोळ्यावरच्या गुळगुळीत दगडावर असंच करत आले होते, मी लहानपणी पाहिलंही होतं, पण ते काय करतात हे विचारलं नव्हतं. टोकाचा निळा भाग अजून तसाच मऊ आहे. "मी मुठीकडच्या बाजूनंच कापतो," ते म्हणाले. "टोक जाऊ दे."

७ डिसेंबरला डोळे भरले. डोळकाडीवरून डोळा काढताना चाकूचा आवाज येत नव्हता, एवढंच मला कळलं. बाकी सगळं हाताचं काम आण्णांचं. चाळीस खुंट. प्लॅस्टिकची पट्टी बांधली. ४ जानेवारीला सोडून पाहिलं तेव्हा ३१ डोळे हिरवे होते, ९ काळे पडलेले. मी काही बोलायच्या आधीच आण्णा म्हणाले, "थंडी चांगली पडली यंदा."

हिशोब लागतोच, म्हणून देते. किटचे १,७४९ मधून परत आलेले ३५० वजा, म्हणजे १,३९९. डायमंड पट्टी ४८०, हिरवी वडी ७०, टेप ३५, मार्कर २५. एकूण २,००९ रुपये, आणि एक इंजेक्शन सरकारी, म्हणून धरलं नाही. बाजारात वीस रुपयांप्रमाणे एवढ्यात शंभर चाकूंना धार लागली असती. पैसे वाचवायला हे करू नका. घासताना पडणारा करडा चिखल भांड्यांच्या मोरीत धुऊ नका, पेपरात गुंडाळून टाका. मिटणारा चाकू धुतल्यावर सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडा. कार्बनच्या पात्याला वापर झाला की लगेच कोरडं करून खोबरेल; ओल्या पोत्याखाली ठेवू नका.

बातमी गल्लीत पसरलीच. परवा शेजारच्या काकू विळी घेऊन आल्या, "एवढीला लाव की गं धार, तुझ्याकडं मशिन आहे म्हणं." विळीचं पातं पकडीत बसत नाही, वाकडं असतं आणि पाटाला खिळलेलं. मी ती ठेवून घेतलीय. रविवारी दाजींना विचारते.